शेजारच्या काकांच्या डब्यातली रोमन नाणी : कामाच्या नोंदी

शनिवार, 5 ऑक्टोबर 2024

डबा आज घरी आणला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, वजनाला चांगलाच. शेजारच्या काकांच्या दिवंगत भावाचा हा छंद. 1970 च्या दशकात त्यांनी इथं इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या आसपासच्या बाजारांतून आणि लिलावांतून ही नाणी जमवली. काकांना विकायचं काही नाही. प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी हवी एवढंच त्यांचं म्हणणं: कोणाचं, कधीचं, कुठं पाडलेलं. मग डबा नातवंडांकडे जाईल.

आत तीन प्रकारचा ऐवज आहे. लहान कागदी पाकिटं, त्यांवर पेन्सिलीने तारीख आणि किंमत. एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळी खिचडी. आणि तळाशी एक जाड तपकिरी पाकीट. त्यावर किंमत नाही, फक्त एका शेताचं नाव आणि ‘1974’. हे पाकीट तूर्त उघडत नाही.

एकच नियम ठरवला. पाकिटातून काढलेलं नाणं त्याच पाकिटात परत जाणार. नाणं कुठून आलं ही माहिती एकदा सुटली की परत मिळत नाही. मातीसकट, किलोच्या भावात विकली जाणारी ‘न धुतलेली रोमन नाणी’ मी स्वतः कधीच घेत नाही, त्याचंही कारण हेच. त्यातली बरीचशी बाल्कन देशांतल्या शेतांतून रात्री उकरलेली असतात. बल्गेरियासारख्या देशात जमिनीतला असा ऐवज सरकारचा, आणि तो गुपचूप बाहेर नेणं गुन्हा. स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात आणि वर ‘इतिहास वाचवला’ म्हणून मिरवतात.

रविवार, 6 ऑक्टोबर

आज फक्त मोजमाप. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा काटा, व्हर्नियर, वही. रकाने असे: क्रमांक, पाकीट, वजन, व्यास, पुढची बाजू, मागची बाजू, टांकसाळीची खूण, खात्री. शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. त्यात तीनच शब्द चालतील: पक्कं, बहुधा, अंदाज.

वाचायला सुरुवात करण्याआधी वजनावरूनच बरंच कळतं. रोमन सम्राट डायोक्लेशियनने साधारण इ.स. 294 मध्ये चलनाची घडी नव्याने बसवली तेव्हा कांस्याचं मोठं नाणं जवळपास 10 ग्रॅमचं होतं, वरून चांदीची किंचित झाक. रोमन पौंड साधारण 325 ग्रॅमचा, म्हणजे पौंडात अशी 32 नाणी. पुढे ते उतरतच गेलं. 313 च्या सुमारास पौंडाला 96. 330 मध्ये 132, म्हणजे नाणं अडीच ग्रॅमच्या आत. 336 च्या आसपास पावणेदोन ग्रॅम. चाळीस-बेचाळीस वर्षांत दहा ग्रॅमचं पावणेदोनवर आलं. त्या काळच्या बाजारात भावांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

काम करणाऱ्याला मात्र ही घसरण सोयीची. चेहरा पुसलेला, अक्षरं गेलेली, तरी अंगावर सैनिक दिसतात आणि वजन 2.4 भरतं, तर साल कुठल्या कप्प्यात शोधायचं ते ठरतं. अर्थात झिजेने वजन घटतं आणि कवचाने वाढतं, त्यामुळे एकट्या वजनावर भिस्त ठेवत नाही.

डब्यातला बहुतेक माल चौथ्या शतकातला आहे. मूठभर तिसऱ्या शतकातली, सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असलेली. एक मोठं, जाड, पार झिजलेलं दुसऱ्या शतकातलं. त्याच्याकडे नंतर येतो.

रविवार, 13 ऑक्टोबर

पिशवीतली मातकट नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घातली. नळाचं पाणी नाही, त्यात क्लोरीन असतं आणि कांस्याचा खरा वैरी क्लोराइड. बरणीत पाणी गढूळ झालं की बदलायचं. घाई करून चालत नाही.

कोल्हापूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला. टेबलावरच्या बरण्या तिच्या नजरेतून सुटल्या नाहीत.

“आरं, भिजत काय घालतोयस? चिंच लाव की. नाहीतर पितांबरी. आपला हंडा कसा लखलखतोय बघ.”

हंड्याला चिंच बरोबर आहे, कारण हंड्याचा धातू खाली शाबूत असतो. सोळाशे-सतराशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं तसं नाही. वरचा धातू गंजून बदलून गेलेला असतो, आणि साच्याने उठवलेला मूळ पृष्ठभाग आता त्या हिरव्या-तपकिरी पुटातच उरलेला असतो. आम्लाने पुट विरघळलं की सम्राटाचं नाकही गेलं. खाली उरतो तो खड्डे पडलेला लालसर धातू. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश, बॅटरी लावून गंज उतरवणं, या सगळ्याला इथं बंदी आहे. आईला एवढंच सांगितलं की ही नाणी म्हातारी आहेत, त्यांना सोसणार नाही. तिला ते पटलं.

प्रत्यक्ष काम बांबूच्या काडीने, सूक्ष्मदर्शकाखाली. भिजून मऊ झालेली माती आणि खालचं पुट यांच्यात एक बारीक फट असते. काडीचं टोक तिथं तिरकं धरून अगदी हलका दाब द्यायचा. माती टवका होऊन सुटते आणि बोटाला ते आधी कळतं, डोळ्याला नंतर. टवका सुटला की खाली पुट गुळगुळीत, काळपट हिरवं, काचेसारखं चमकतं. काडी अडकायला लागली, खालचा रंग लालसर दिसला, की हात काढायचा. कान, डोळा, केसांवरची रत्नांची पट्टी हे शेवटी. आधी कडेची अक्षरं, कारण ओळख तिथंच असते.

शनिवार, 19 ऑक्टोबर

क्र. 14 वाचलं. पक्कं.

17 मि.मी., 2.31 ग्रॅम. मागे दोन सैनिक समोरासमोर, हातात भाले, ढाली टेकवलेल्या, मध्ये दोन लष्करी ध्वज. वर ‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’, सैन्याचा गौरव. ब्रिटनमध्ये चौथ्या शतकाचं कुठलंही शेत नांगरा, हे सापडणारच. यातली मुख्य खूण म्हणजे ध्वज. दोन ध्वज असतील तर 330 ते 335, एक ध्वज असेल तर 335 ते 341. वजन उतरवलं तसं नाणं आकसलं आणि ध्वजही एकावर आला.

पुढच्या बाजूचा चेहरा बघून फार काही हाती लागत नाही. सम्राट कॉन्स्टन्टाइन आणि त्याची तीन मुलं या नाण्यांवर एकाच साच्यातली वाटतात. भिस्त अक्षरांवरच, आणि त्यातही मधल्या एका अक्षरावर. ‘टी-आय’नंतर थेट ‘व्ही-एस’ आलं तर कॉन्स्टान्टियुस, मध्ये ‘एन’ असेल तर कॉन्स्टान्टिनुस. क्र. 14 वर अर्धी ओळ मातीतून वर आली: ‘…आय-एन-व्ही-एस’, पुढे ‘आय-व्ही-एन’, मग ‘एन-ओ’. म्हणजे धाकटा कॉन्स्टन्टाइन, अजून ‘सीझर’ या दुय्यम पदावर. बाप 22 मे 337 ला गेला आणि मुलं त्याच वर्षी 9 सप्टेंबरला ‘ऑगस्टस’, म्हणजे पूर्ण सम्राट, झाली. त्यामुळे पदवीची ही दोन-तीन अक्षरं मिळाली की तारखेची एक बाजू बांधली जाते.

सैनिकांच्या पायाखालच्या रेषेच्याही खाली टांकसाळीची खूण: टी-आर-पी. वाहिन्यांची नव्हे, आजच्या जर्मनीतल्या ट्रियर शहराची, ‘पी’ म्हणजे तिथल्या टांकसाळीचा पहिला विभाग. दुसऱ्या विभागाला ‘एस’. आज ब्रिटनमध्ये सापडणारी या काळातली बहुतेक नाणी ट्रियर आणि फ्रान्समधल्या लियों आणि आर्ल या तीन टांकसाळींची. लंडनला टांकसाळ होती, पण ती 325 च्या सुमारास बंद झाली.

क्र. 19 चीही खूण वाचली: ‘पी-कॉन्स्ट’. बघणारा पटकन कॉन्स्टॅन्टिनोपल (आजचं इस्तंबूल) म्हणेल. ते नाही. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला 328 च्या सुमारास कॉन्स्टन्टिना हे नाव मिळालं, म्हणून तिची खूण अशी, विभागाचं अक्षर आधी. कॉन्स्टॅन्टिनोपलची खूण नुसती ‘कॉन्स’, आणि विभागाचं ग्रीक अक्षर शेवटी. 340 मध्ये धाकटा कॉन्स्टन्टाइन भावाशी लढताना मारला गेल्यावर आर्लच्या नाण्यांवर जुनं ‘आर्ल’ परत आलं. राज्यकर्ता बदलला की शहराचं नाव बदलायची पद्धत फार जुनी म्हणायची.

शुक्रवार, 1 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. काम नाही, पण लेकीने पाटावर ठेवायला एक नाणं मागितलं आणि निवडलं ते लांडगीचं. मी नाण्याच्या प्लॅस्टिक कॅप्सूलमध्ये घालून दिलं. हळदकुंकू आणि ओली फुलं थेट कांस्यावर नकोत.

“बाबा, काढ ना बाहेर.” ती एकटी असती तर निभावलं असतं, पण फोनवर आईही होती. “लक्ष्मी काय पलाष्टिकात बसती व्हय?” शेवटी कॅप्सूलवर कुंकू लावलं. तह झाला.

नाण्याबद्दल: पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, ‘उर्ब्स रोमा’, मागे लांडगी, तिच्या पोटाशी रोमच्या दंतकथेतली जुळी भावंडं रोम्युलस आणि रेमस, वर दोन तारे. सम्राटाचं नावच नाही. 11 मे 330 ला कॉन्स्टॅन्टिनोपल राजधानी म्हणून वाजतगाजत उभी राहिली, त्या सुमारास हे नाणं आणि त्याचा जोडीदार निघाला. जोडीदारावर ‘कॉन्स्टान्टिनोपोलिस’ आणि जहाजाच्या नाळेवर पाय ठेवलेली विजयदेवी. जुन्या राजधानीलाही मान, नव्या राजधानीलाही. हे लियोंचं, खूण ‘पी-एल-जी’.

रविवार, 10 नोव्हेंबर

क्र. 27, लांडगीचंच. 12 मि.मी., 0.84 ग्रॅम. लांडगी कुत्र्यासारखी, पोरं म्हणजे दोन काड्या, अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा. त्या काळात पाडलेली नक्कल आहे ही. 341 नंतर काही वर्षं टांकसाळींकडून नवीन नाणी आलीच नाहीत म्हणावी इतकी कमी आली, आणि बाजार तर चालू होता. ब्रिटन आणि गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) लोकांनी स्वतःच सुटे पाडून घेतले. यांना खोटी म्हणून बाजूला टाकणारे संग्राहक आहेत. मला तीच जास्त आवडतात. सरकारी साच्यात प्रचार दिसतो, इथं बाजारातली अडचण दिसते.

तिसऱ्या शतकातही हेच घडलं होतं. टोकदार मुकुटाच्या मूठभर नाण्यांपैकी दोन टेट्रिकसची, जो 274 पर्यंत गॉल आणि ब्रिटन वेगळं काढून राज्य करत होता. बाकीची त्याच्या नावाने पाडलेल्या नकला, एक तर शर्टाच्या बटणाएवढी.

आता ते मोठं, झिजलेलं. पुढे दाढीवाल्या माणसाची नुसती बाह्यरेषा, अक्षर एकही नाही. मागे खडकावर बसलेली आकृती, डोकं झुकलेलं, एक हात गालाशी. तिरका प्रकाश टाकून बघितल्यावर बाजूला ढालीची गोलाई दिसली. एवढं पुरे. सम्राट अँटोनायनस पायसचं 154–155 मधलं ‘ब्रिटानिया’ नाणं, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन. साम्राज्यात इतरत्र ते फारसं मिळत नाही, ब्रिटनमध्येच सापडतं; बरीचशी या बेटावर खर्चायलाच आली असावीत. काकांना सांगितलं तर ते खूश. पुढे याच ब्रिटानियाचं चित्र इंग्रजी नाण्यांवर शतकानुशतकं राहिलं, त्यामुळे त्यांना ती ओळखीचीच. इतकं झिजलेलं म्हणजे शंभरेक वर्षं तरी हातोहात फिरलं असणार.

शनिवार, 16 नोव्हेंबर

तपकिरी पाकीट आज उघडलं, आणि काम थांबवलं.

आतली सगळी नाणी एकाच रंगाची. गडद हिरवं पुट, सांध्यांत तीच तांबूस माती. पिशवीतल्या नाण्यांचे रंग नाना तऱ्हेचे आहेत, कारण ती नाना शेतांतली. इथं तसं नाही. प्रकारही एकाच घोळक्यातले: दोन ध्वजांचे सैनिक, लांडगी, जहाजाची नाळ, एक ध्वजाचे सैनिक. दोन नाणी एकमेकांना चिकटलेली, पाठीला पाठ.

सूक्ष्मदर्शकाखाली एका नाण्याच्या कडेला वेगळंच काही दिसलं. हिरव्या गंजात उभे-आडवे धागे. चारदोन मिलिमीटरचा तुकडा, पण वीण स्पष्ट: एक धागा वर, एक खाली, सुतात पीळही ओळखू येतो. कापड कधीच कुजून गेलं. तांब्याच्या क्षारांनी धाग्यांची जागा घेतली म्हणून आकार तेवढा राहिला. म्हणजे ही नाणी कापडाच्या थैलीत किंवा फडक्यात बांधून पुरलेली होती. काडी लावली असती तर एका टवक्यात थैली गेली असती.

यापुढे या पाकिटाला हात नाही. न भिजवता, न पुसता, जसं आहे तसं.

काकांना बोलावून समजावलं. इंग्लंडमध्ये 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार, तीनशे वर्षांहून जुनी कांस्य नाणी एकाच ठेव्यात दहा किंवा जास्त सापडली तर ती कळवावीच लागतात. हा कायदा सप्टेंबर 1997 पासून लागू आहे, आणि पाकिटावर 1974 आहे. त्याआधीच्या जुन्या कायद्यात फक्त सोनं आणि चांदी. यावर गाजलेला खटला आमच्या शेजारच्याच गावाचा निघाला. लिंकनच्या दक्षिणेला कोलबी इथं 1975 मध्ये 7811 नाण्यांचा ठेवा सापडला, तिसऱ्या शतकातला, नावाला चांदी असलेला. 1982 मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की धातूत सोन्याचांदीचा भाग भरीव हवा, एवढ्या किरकोळ चांदीवर राजसत्तेचा हक्क नाही. अशा उदाहरणांतूनच पुढे कायदा बदलण्याची गरज दिसत गेली.

म्हणून भावाने तेव्हा कळवलं नाही यात वावगं काही नव्हतं. काका जरा अवघडले होते, ते मोकळे झाले. तरी आता दाखवूया, असं तेच म्हणाले.

शुक्रवार, 29 नोव्हेंबर

जिल्ह्याच्या पुरावस्तू नोंदणी अधिकाऱ्यांना भेटलो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1997 पासून ही योजना चालते. शेतात, बागेत, कुठेही सापडलेली जुनी वस्तू नेऊन दाखवायची. ते मोजतात, फोटो काढतात, नोंद करतात आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतात. नोंदींचा आकडा दहा लाखांच्या पुढे केव्हाच गेला. कुठल्या भागात कुठल्या वर्षांची नाणी दाट सापडतात, हे आज कोणीही घरबसल्या बघू शकतो. आपल्याकडे शेतात हंडा सापडला की पहिला प्रश्न ‘कोणाला सांगू नको’ हा असतो. इथंही लोभ आहेच, पण निदान सांगण्याची जागा ठाऊक असते.

अधिकारीबाईंनी नाण्यांआधी पाकीट मागितलं. शेताचं नाव जुन्या नकाशावर ताडून बघता येईल म्हणाल्या. धाग्यांच्या तुकड्यावर त्या बराच वेळ होत्या. चिकटलेली जोडी सोडवायची नाही, यावर आमचं लगेच एकमत झालं. पाकीट त्यांच्याकडे ठेवलं, पावती काकांच्या नावाने.

परत येताना फ्रोमच्या ठेव्याचा विषय निघाला. सॉमरसेटमध्ये 2010 साली एका मडक्यात 52,503 नाणी सापडली. शोधणाऱ्याने मडक्याचं तोंड दिसताच खोदायचं थांबवलं आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. थरागणिक नाणी काढल्यामुळे नंतरची नाणी वर आणि आधीची खाली अशी साठवण नव्हती, हे कळलं. म्हणजे मडकं वर्षानुवर्षं भरत गेलेली बचत नव्हे. फावड्याने उपसलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती आणि हे कळलं नसतं.

रविवार, 8 डिसेंबर

क्र. 33 ला रोग लागलाय. काल नव्हतं ते आज दिसलं: गालावर फिकट, पोपटी रंगाची भुकटी, टोचलं की झडते. नेहमीचं पुट टणक आणि गडद असतं, हे पिठासारखं. आत दडलेला क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून धातू खातो, त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी धातू खातं. थांबवलं नाही तर नाण्याला भोक पडतं.

नाणं लगेच वेगळं काढलं. भुकटी काडीने कोरून काढली, सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या सौम्य द्रावणात ठेवलं. आता पाणी बदलत राहायचं, मग नीट वाळवायचं आणि सिलिका जेलच्या डब्यात ठेवून लक्ष ठेवायचं. सगळं शांत दिसलं तरच वरून मेणाचा पातळ हात. बेन्झोट्रायझोल म्हणून एक रसायन संग्रहालयवाले वापरतात. ते विषारी आहे, मी स्वयंपाकघराच्या शेजारच्या टेबलावर आणणार नाही.

इंग्लंडच्या हिवाळ्यात घरात ओल असते. नाण्यांना पिशवीपेक्षा हवाबंद डबा बरा.

शुक्रवार, 27 डिसेंबर

सुटी, त्यामुळे निवांत बैठक. घोडेस्वार पाडणारा सैनिक, ‘फेल टेम्प रेपाराशियो’: सुखाचे दिवस परत आले. 348 च्या सुमारास मोठं नवं नाणं काढलं, रोमची 1100 वर्षं साजरी करायला असं बहुतेक अभ्यासक मानतात. सैनिक भाला खुपसतोय, खाली घोडा कोसळलाय, स्वार हात वर करून गयावया करतोय. पूर्ण झिजलेल्या नाण्यावरही घोड्याची मान आणि सैनिकाचा तिरका पाय एवढ्यावर ओळख पटते. सुखाचे दिवस किती आले ते सांगायला वजन आहेच: काही वर्षांत हेही नाणं अर्ध्यावर आलं.

त्याच पाकिटात मॅग्नेन्शियस निघाला, आणि तो चेहऱ्यावरून कळला, जे या शतकात क्वचितच घडतं. बाकी सम्राट रत्नांची पट्टी बांधून, हा उघड्या डोक्याने, जाड मानेचा, डोक्यामागे एक मोठं ‘ए’ अक्षर. मूळचा सेनाधिकारी, 350 मध्ये बंड केलं, सम्राट कॉन्स्टान्सला (कॉन्स्टन्टाइनच्या मुलाला) मारवलं, 353 मध्ये हरून आत्महत्या केली. मागे दोन विजयदेवी एक हार धरून उभ्या. हारातली अक्षरं गेलीत. खात्री: सम्राट पक्का, टांकसाळ नाही.

रविवार, 26 जानेवारी 2025

व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स, दोघे भाऊ, 364 पासून सम्राट. मागे दोनच प्रकार: कैद्याला केसांनी ओढणारा सम्राट, नाहीतर हार घेऊन निघालेली विजयदेवी. पटापट उरकलं. पुढे ‘व्हॅलेन्स’चा शेवट दिसला तर बरं, नाहीतर ‘व्हॅलेंटिनियन घराणं, 364–378’ एवढंच लिहायचं. मैदानातलं, म्हणजे आकृतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेतलं, ‘ओ-एफ’ आणि पुढचा आकडा मात्र झिजलेल्या नाण्यावरही बरेचदा दिसतो. आर्ल, लियों, अक्विलेया, सिसिया या टांकसाळी: ब्रिटनमध्ये या वर्षांत पैसा आला तो मुख्यतः याच वाटांनी.

शनिवार, 15 फेब्रुवारी

पिशवीचा तळ. सगळ्यांत लहान नाणी, 13 मि.मी., एक ग्रॅमच्या आसपास. विजयदेवी कैद्याला ओढत नेते, ‘सालुस रेइपुब्लिके’. 388 ते 402 च्या आसपासची, थिओडोसियस आणि त्याची मुलं अर्केडियस आणि होनोरियस यांची. 402 नंतर ब्रिटनला नवा कांस्य पैसा येणं जवळपास थांबलं.

हेच नाणं आपल्याकडेही आलं, म्हणून यावर जरा थांबलो. तमिळनाडूत करूर-मदुराई भागात आणि श्रीलंकेत, तिथं तर हजारोंनी, याच काळातली झिजलेली लहान रोमन कांस्य नाणी सापडली आहेत. श्रीलंकेत ती चलनात इतकी रुळली की तिथल्या लोकांनी नकलाही पाडल्या. क्र. 27 वरची कुत्र्यासारखी लांडगी आणि ती सिंहली नक्कल, दोन्हीमागे गरज एकच: सुटे पैसे हवेत.

लेकीने विचारलं, कोल्हापुरात का नाही असं काही. आहे की. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली, टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. या नाण्यांच्या बरीच आधीची, सातवाहन काळातली. उन्हाळ्यात गेलो की बघायची.

रविवार, 2 मार्च

अधिकारीबाईंचं टिपण आलं आणि माझ्या नोंदींशी जुळतं. तपकिरी पाकिटातली सगळी नाणी 330 च्या पुढची. सर्वांत उशिराच्या एक-ध्वजाच्या नाण्यांवर कॉन्स्टान्स ‘ऑगस्टस’ आहे, म्हणजे सप्टेंबर 337 नंतरची. आणि 347–348 मध्ये ब्रिटनभर पसरलेलं, समोरासमोर दोन विजयदेवी असलेलं नाणं पाकिटात एकही नाही. त्यामुळे फडकं या दोन टोकांच्या मध्ये केव्हातरी बांधलं गेलं. डेव्हनमधला सीटन डाउनचा 22,888 नाण्यांचा मोठा ठेवा साधारण याच सुमारास बंद झालेला, त्यातही याच प्रकारांची गर्दी. पण खात्रीच्या रकान्यात ‘बहुधा’च लिहिलं. भावाने त्यातली काही नाणी आधीच कोणाला दिली असतील तर शेवटचं नाणं त्यांतलंही असू शकतं.

बाकी चिठ्ठ्या आज लिहून झाल्या. काकांनी एकेक वाचली. गुळगुळीत नाण्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘चौथं शतक, कांस्य, टांकसाळ वाचता येत नाही’ एवढंच बघून त्यांचा जीव खालीवर झाला.

“तुझा अंदाज असेलच ना? तो लिही की.”

अंदाज आहे. पण नातवंडांच्या हातात तो पक्का म्हणूनच जाईल. मान्य केलं ते असं: अंदाज मागच्या बाजूला, पेन्सिलीने, आणि खाली कारण. ‘वजन आणि पायांच्या ठेवणीवरून’ वगैरे.

क्र. 33 शांत आहे, मेण लावलं. सिलिका जेल महिन्याने बदलायची. तपकिरी पाकीट एप्रिलमध्ये परत येईल. चिकटलेल्या जोडीसाठी खोलगट कॅप्सूल मागवायची आहे, नेहमीच्या मापात ती बसत नाही.